खंय चललंस?

मालवणात समुद्र बघायला जाणारा माणूस मालवणचा नसतो. तो पुण्याचा असतो, कोल्हापूरचा असतो, बेळगावचा असतो. डोक्यावर कालच घेतलेली टोपी असते आणि मागून त्याचं पोर प्लास्टिकची बादली आपटत, रडत येत असतं. मालवणचा माणूस समुद्रावर जातो, पण बघायला जात नाही. होडी आली का ते विचारायला जातो, बर्फाचा भाव काढायला जातो, उसने दिलेले पैसे मागायला जातो. गेल्यावर तासभर पाण्याकडे तोंड करून बसतो हा भाग वेगळा. ते बसणं हिशेबात धरायचं नसतं.

असं का, तर आमच्याकडचा एक प्रश्न. पायरीवरून पाऊल खाली पडलं की पहिल्याच गडग्यापलीकडून तो येतो. "खंय चललंस?" विचारणाऱ्याला फारसं काही जाणून घ्यायचं असतं असं नाही. तो आपला माडाला आळं करत असतो, हात गुंतलेले असतात, तोंड रिकामं असतं. उत्तर मात्र वजनदार लागतं. 'बाजारात' चालतं. 'तहसीलला' चालतं. 'मयताक' सांगितलं तर मात्र 'कोण गेलो?'पासून 'वाटण्या झाल्ले काय?'पर्यंत सगळं तिथेच उभं राहून सांगावं लागतं. आणि 'असोच' हे उत्तर तर मुळीच चालत नाही. भरडावरून मेढ्यापर्यंत जाताना दोघांना 'असोच' सांगणारा माणूस घरी परतायच्या आत त्याच्या बायकोशेजारी एक काकी येऊन बसलेली असते आणि आवाज उतरवून विचारत असते, "गो, तुझ्या घोवाचा सगळा बरा आसा मां?"

आमचा एक सहकारी कचेरी सुटल्यावर एकदा रॉक गार्डनच्या बाकावर एकटाच बसला. हातात काही नाही, बरोबर कुणी नाही. दिवेलागणीपर्यंत त्याचं कर्ज, त्याची साखर आणि त्याच्या भावाशी चाललेली जमिनीची तक्रार असे तीन तर्क गावात फिरून झाले होते. त्याला म्हणे फक्त वारा घ्यायचा होता. फक्त वारा घेणारा माणूस आमच्याकडे संशयास्पद असतो. वारा सगळ्यांना फुकट लागतच असतो, त्यासाठी वेगळं बसायचं काय कारण?

म्हणून निमित्त लागतं. निमित्त नसेल तर निदान पिशवी लागते. काखेत कापडी पिशवी मारली की मालवणात माणूस कुठेही, कितीही वेळ उभा राहू शकतो. पिशवीत काही असायला हवं असं नाही. उलट रिकामी असली तर अधिक बरं, कारण काम अजून व्हायचंय असा अर्थ निघतो. बंदरावर संध्याकाळी मासळीच्या लिलावाला जी गर्दी दिसते, त्यातल्या निम्म्या लोकांच्या घरी दुपारीच बांगड्याचं तिखलं झालेलं असतं. हे लोक बोली लावत नाहीत. टोपलीत डोकावतात, "काय म्हणता भाव?" विचारतात, आकडा ऐकून मान हलवतात आणि पुन्हा धक्क्याच्या कडेला जाऊन उभे राहतात. समोर किल्ला असतो, त्याच्यामागे सूर्य उतरत असतो, पाण्यावर लालसर पट्टा पडलेला असतो. त्यातल्या एकालाही सूर्यास्ताबद्दल विचारलं तर तो दचकेल. तो सुरमईच्या भावासाठी आलेला आहे.

मी त्यातलाच. एका पतपेढीत बसतो. दहा ते साडेपाच लोकांच्या पैशांची बेरीज करायची आणि ती त्यांच्या अपेक्षेपेक्षा कमी का आली हे त्यांना समजावून सांगायचं, असं माझं काम. त्याआधी सकाळी घरच्या पाहुण्यांचं बघायचं, कारण बायकोचा न्याहरी-निवासाचा व्यवसाय आहे. ती घावणे घालते, मी ते गरम असेपर्यंत टेबलापर्यंत पोचवतो. संध्याकाळी सोलकढीसाठी नारळ खवायचे. मधल्या वेळात, कचेरी ते नारळ ह्या दरम्यान, कोथिंबीर आणायची असते. कोथिंबीर कोपऱ्यावर मिळते. मी ती बंदरावरून आणतो. "कोथमीर आणूक इतको येळ?" असं बायको रोज विचारते आणि उत्तराची वाट न बघता जुडी धुवायला घेते.

कचेरीतला सगळा वेळ भिंतीवरच्या यंत्राला अंगठा दाखवून सुरू होतो. दहा मिनिटं उशीर झाला की यंत्र लाल होतं. इथून हाकेच्या अंतरावर समुद्र आहे, तो रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि त्याला आजवर कुणी कारणे दाखवा नोटीस दिलेली नाही. आमच्या जुन्या लोकांनी त्याचा उशीर तिथीवर बसवून टाकला आहे. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ ढोबळमानाने येते. पंचमी असली तर पाच पाऊणे पावणेचार. अष्टमीला आठ पाऊणे सहा. पतपेढीत कुणाला व्याज नीट काढता येवो न येवो, हा हिशेब सगळ्यांना येतो. माझ्या कामाची गोष्ट ह्यातून अशी निघते, की पौर्णिमा आणि अमावास्येला भरती सव्वाअकराच्या आसपास होते आणि कचेरी सुटते तेव्हा पाणी पार मागे गेलेलं असतं. उधाणाची ओहोटी ती. एरवी न दिसणारे खडकही उघडे पडतात. त्या दिवशी मी 'दत्तमंदिरात जाऊन येतंय' सांगतो. पौर्णिमेला ते खरं वाटतं. अमावास्येला शनीचं नाव घेतो.

चिवल्याच्या किनाऱ्यावर अशा वेळी ओल्या वाळूवर बारीक खेकड्यांची कामं चाललेली असतात. खेकडा नखाएवढा. बिळातून बाहेर येतो, वाळू तोंडात घालतो, तिच्यातलं खायचं ते काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची मोहरीएवढी गोळी करून मागे टाकतो. मग दुसरी, मग तिसरी. बिळापासून बाहेर सरळ रेघा निघत जातात, गोळ्यांच्या, सगळ्या दिशांनी. आपण एक पाऊल पुढे टाकलं की सगळे एका क्षणात आत. हललो नाही, तर थोड्या वेळाने एक डोळा वर येतो. खेकडे बाहेर येईपर्यंत थांबायचं म्हणजे खिशातला फोनसुद्धा काढायचा नाही. दिवसभरात फोनला हात न लावता मी घालवलेला एवढाच वेळ. भरती आली की त्यांचं सगळं काम पुसून जातं, आणि उद्या, पन्नास मिनिटं उशिरा, ते पुन्हा सुरू करतात. पतपेढीत वर्षअखेरीला आम्ही जे करतो त्याहून ते निराळं नाही, पण खेकड्यांच्या चेहऱ्यावर त्याचा ताण दिसत नाही.

रापण लागलेली असली तर निमित्ताची काळजीच नको. होडी जाळं घेऊन अर्धवर्तुळ मारून येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि मग दोन रांगांनी माणसं ते ओढायला लागतात. हे काम इतकं जड, की येणाजाणाऱ्याने हात लावावा ही रीतच आहे. "बघतंस काय, पँट वर घे आणि धर दोर!" असं कुणी ओरडलं की लाज बाळगायचं कारण उरत नाही. दोर भिजलेला, खरखरीत. तळव्याला वाळू लागते, टाचा वाळूत रुततात आणि पाठीमागे चालत जाताना मागचा माणूस आपल्या पोटरीवर पाय देतो. तो मागचा माणूस मी एकदा वळून पाहिला तर आमच्याकडे कर्जाचे हप्ते चुकवत असलेला खातेदार. दोघेही काही बोललो नाही. दोर हातात असताना वसुली करायची नसते. जाळं वर आलं तेव्हा पेडवे होते, थोडे बांगडे, एक फुगलेला केंड. वर घारी घिरट्या घालत होत्या. ओढणाऱ्यांना वाटा मिळतो, तसे मलाही मूठभर पेडवे मिळाले. ते पिशवीत घालून मी घरी आलो. पहिल्यांदाच पिशवी सार्थकी लागली.

पाहुण्यांचं मात्र उलट असतं. ते मोकळं व्हायला आलेले असतात आणि बरोबर वेळापत्रक आणतात. सकाळी ७ डॉल्फिन, ९ स्नॉर्केलिंग, ११ किल्ला, १ वाजता थाळी, ३ वाजता देवबागला त्सुनामी आयलंड, साडेपाचला सनसेट. डॉल्फिनला ७ची वेळ दिलेली आहे हे डॉल्फिनला कुणी कळवलेलं नसतं, त्यावरून दिवसाची सुरुवातच कुरकुरीने होते. सिंधुदुर्ग बांधायला महाराजांना १६६४ ते १६६७ अशी तीन वर्षं लागली. तो तासाभरात बघून परत होडीत बसायचं असतं, कारण होडीवाल्याने तासाचीच वेळ दिलेली असते. १९८७ साली किल्ल्याभोवतीच्या समुद्राचा तुकडा सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. माशांना अभय मिळालं. त्यांना बघायला येणाऱ्यांना ते अजून मिळायचंय. पाण्याखाली असतानाही बिचारे अंगठा वर करून फोटोसाठी हसत असतात, तोंडात नळी घेऊन.

एका पाहुण्याने मला विचारलं, इथला सर्वांत चांगला सनसेट पॉइंट कुठला? मी नुसता बघत राहिलो. आमचा अख्खा किनारा पश्चिमेकडे तोंड करून पसरलेला आहे. इथे सूर्यास्त दिसणार नाही अशी जागा शोधून काढावी लागेल. शेजारचे नाना गडग्यावर बसून सुतळी वळत होते, त्यांनी परस्पर सांगून टाकलं, "सूर्य खंयसूनय दिसता. फक्त तोंड तकडे करूक होया." पाहुण्याने ते फोनवर शोधून पाहिलं.

पण मी पाहुण्यांना हसतो तेव्हा एक गोष्ट विसरत नाही. ते निदान उघडपणे सांगून येतात, की आम्ही निसर्ग बघायला आलो. एवढं धैर्य आमच्यात नाही. मालवणात जन्मलेल्या कितीतरी लोकांनी किल्ला पाहिला तो शाळेच्या सहलीत, त्यानंतर नाही. 'जावक होया एकदा' म्हणत म्हणत पावसाळा येतो, होड्या बंद होतात आणि जिवाला बरं वाटतं, की आता जाता येणारच नाही.

पावसाळा हा खरा निमित्तांचा हंगाम. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, समुद्र खवळलेला, वर्षाचा तीन हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस मुख्यतः ह्या चार महिन्यांत उतरवायचा असल्यामुळे आभाळाला उसंत नसते. अशा वेळी सभ्य माणसाने घरात बसावं. पण पहिल्या जोराच्या पावसात व्हाळाचं पाणी शेतात चढतं आणि त्याबरोबर मासे चढतात. चढणीचे मासे! रात्री अकरा वाजता, इरलं नाहीतर प्लास्टिक डोक्यावर घेऊन, हातात बॅटरी आणि पागुळ घेऊन गुडघाभर पाण्यात जी मंडळी उभी असतात, त्यांत प्राथमिक शिक्षक असतात, तलाठी असतात, एरवी दोन शिंका आल्या तर रजा टाकणारे असतात. आता हे मासे अंडी घालायला वर चढतात, म्हणून ते धरू नयेत असं जाणकार सांगतात आणि ते बरोबरच आहे. व्हाळातले मासे कमी झाले हे डोळ्यांनी दिसतंय. माझं म्हणणं एवढंच, की मासे तिथेच राहू द्यावेत आणि बॅटरी घेऊन जाणं चालू ठेवावं. काळोख, बेडकांचा कल्लोळ, पायाखालून जाणारं कोमट पाणी, आणि 'इलो रे इलो!' म्हणून उगीच ओरडणं ह्यासाठीच अर्धे लोक जातात. मासा हे घरी दाखवायचं कारण.

तीच गोष्ट कुर्ल्यांची, तीच अळंबीची. अळंबीची जागा आमच्याकडे सख्ख्या भावाला सांगत नाहीत. श्रावणाच्या अलीकडे-पलीकडे एखादा माणूस सकाळी सकाळी रस्ता सोडून रानात शिरताना दिसला, तर त्याला "खंय चललंस?" विचारायचं नाही हा एकमेव अपवाद पाळला जातो. आमचे एक चुलते दरवर्षी असे गायब होतात आणि दहाच्या सुमारास काट्यांनी ओरबाडून, रिकाम्या हाताने, अतिशय प्रसन्न चेहऱ्याने परत येतात. काकीचा ठाम समज आहे, की त्यांना अळंबी ओळखता येत नाही.

आणि सडा. मालवणच्या मागच्या गावांत अजून अशा वाड्या आहेत, की जिथे खाली घरात फोन लागत नाही. रेंज हवी तर सड्यावर चढायचं. त्यामुळे संध्याकाळी सड्यावर चांगली वर्दळ असते. एकेक जण आपापला कातळ ठरवून बसलेला. मुंबईच्या भावाशी दोन मिनिटं बोलणं होतं. मग फोन खिशात जातो आणि माणूस तिथेच बसून राहतो. भादव्यात सड्यावर कातळाच्या खोलगटात पाणी साठतं, त्याच्या कडेने सीतेची आसवं फुलतात, निळी-जांभळी, इतकी बारीक की उभ्याने नुसता रंग दिसतो, फूल बघायचं तर गुडघे टेकावे लागतात. कंपन्यांनी ह्या वाड्यांवर मनोरे उभारू नयेत असं मी म्हणणार नाही, म्हाताऱ्यांची दुखणीबाणी असतात. पण मनोरा आला त्या वाडीत सड्यावर जायला आता कारण उरलेलं नाही, हेही खरं.

मालवण तालुक्यात कुडोपीच्या सड्यावर जांभ्या कातळात कोरलेली चित्रं आहेत. माणसं, प्राणी, आणि काय आहे ते कुणालाच नीट न समजलेल्या आकृत्या. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यांत कुडोपीचं नाव आहे. ती का कोरली ह्यावर विद्वानांचे अनेक तर्क आहेत. मी तिथे उभा राहिलो तेव्हा मला त्या माणसाच्या घरच्यांची आठवण झाली. हजारो वर्षांपूर्वीचा तो माणूस, दिवसभर उन्हात बसून दगडावर दगड घासतोय. संध्याकाळी घरी गेल्यावर 'खंय होतंस?'ला त्याने काय उत्तर दिलं असेल? 'चित्र काढीत होतंय' असं तर नक्कीच नाही. शिकारीचं काहीतरी सांगितलं असणार.

आता इथपर्यंत वाचणाऱ्या बायकांनी एक गोष्ट हेरली असेल, की पिशवी, बॅटरी, दोर, फोन, ही सगळी पुरुषांची निमित्तं झाली. बरोबर आहे. बाईला "खंय चललंस?" फार वेळा विचारावं लागत नाही, कारण ती कुठे चाललेली नसते. उधाणाच्या ओहोटीला खडकावरची कालवं काढायला, वाळूतल्या तिसऱ्या उकरायला बायका जातात, गप्पा मारतात, मोठ्याने हसतात. पण येताना टोपली भरलेली लागते. रिकामी पिशवी घेऊन परत येण्याची चैन त्यांना नाही. माझ्या कोथिंबिरीचं रहस्य बायकोला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक असणार. ती स्वतः कधी कोथिंबीर आणायला निघाली नाही.

सुट्ट्यांचंही तसंच. साऱ्या महाराष्ट्राच्या भिंतींवर लाल तारखा टांगणारं 'कालनिर्णय' १९७३ साली सुरू केलं ते जयंतराव साळगावकरांनी, आणि ते आमच्या मालवणचे. ह्याचा आम्हांला अभिमान आहे. पण घरात न्याहरी-निवास असला की लाल तारखेचा अर्थ 'आज घावण्यांचं पीठ दुप्पट' असा होतो. बायको वर्षाच्या सुरुवातीला त्या तारखा मोजून तांदूळ भिजवायचा अंदाज बांधते.

बाईला घराबाहेर काढणारं निमित्त फक्त देवच देऊ शकतो, आणि आमच्याकडे तो देतोही. माझी सासरवाडी आचऱ्याची. तिथे दर ४ वर्षांनी गावपळण होते. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला, की ठरल्या दिवशी सगळं गाव, म्हातारी-कोतारी, तान्ही मुलं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळ्यांसह वेशीबाहेर पडतं आणि ३ दिवस, ३ रात्री बाहेरच राहतं. जातधर्म बघितला जात नाही. गाव म्हणजे गाव. माळावर, खाडीच्या पलीकडे, दुसऱ्या गावाच्या हद्दीत झोपड्या उठतात. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घ्यायचा. देवाने हो म्हटलं तर परतायचं, नाही म्हटलं तर आणखी मुक्काम. शेजारच्या चिंदरला, वायंगणीलाही ही रीत आहे, आणि तिकडे वैभववाडी तालुक्यात शिराळ्याचे लोक तर दरवर्षी गाव सोडतात.

का पळायचं ह्याची उत्तरं वेगवेगळी मिळतात. कुणी म्हणतं गावातल्या भुताखेतांना तीन दिवस मोकळं रान द्यायचं असतं. कुणी म्हणतं हवापालट. गाव ओस पडलं की साथीचे रोग हटतात. अंधश्रद्धेविरुद्ध बोलणारे ह्यावर टीका करतात, परंपरेचे अभिमानी त्यांना उत्तरं देतात. मी जावई आहे, मी वादात पडत नाही. मी झोपडीत पडतो.

आमच्या सासूबाईंची झोपडी म्हणजे चार मेढी, वर माडाची झापं, खाली पेंढ्यावर चटई. दाराला दार नाही. बाहेर तीन दगडांची चूल, शेजारी टोपलीखाली कोंबड्या, खुंट्याला पाडी. एरवी सासूबाई म्हणजे सकाळी पाचला उठून रात्री अकरापर्यंत न टेकणारी बाई. त्यांना मी घरी कधीही बसलेलं पाहिलेलं नाही. आम्ही जेवत असताना त्या दाराशी वाढी घेऊन उभ्या असतात. इथे त्या पाय लांब करून बसल्या होत्या, दुपारी, सगळ्यांच्या देखत. पदर वाऱ्यावर सोडलेला. शेजारच्या झोपडीतली विहीण तशीच बसलेली. केर काढायला जमीन तेवढीशी, भांडी चार, सारवायला खळं नाही, पुसायला शोकेस नाही, पाटावरवंटा घरी. मी उगीच म्हटलं, "आई, कंटाळा येत असेल नाही हो, कामाशिवाय?" त्या माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जावयबापू, घर नाय म्हटल्यार काम खंयचा?" आणि विहिणीकडे वळून मगासची अर्धी राहिलेली गोष्ट पुढे सांगायला लागल्या.

रात्री फुगड्या झाल्या. पासष्टीच्या बायकांनी घातल्या, आणि त्यांना कुणी 'गुडघे सांभाळा' म्हटलं नाही. पलीकडे भजन चालू होतं, पोरं चुलीच्या उजेडात पत्ते कुटत होती, माझा मेव्हणा, जो एरवी दुकानाच्या गल्ल्यापासून उठत नाही, उताणा पडून आभाळात बोट दाखवत कुणाला तरी मृग नक्षत्र समजावून सांगत होता, चुकीचं. दुकान बंद आहे ह्याची कुणालाच खंत नव्हती, कारण सगळ्यांचीच दुकानं बंद होती. शेजाऱ्याचं उघडं असेल आणि आपलं मिटलेलं, ही धास्ती माणसाला वर्षभर गल्ल्यावर बसवून ठेवते. देवाने सगळ्या गावालाच हुसकावलं, की ती धास्ती जाते. पतपेढीत रजेचा अर्ज आठ दिवस आधी द्यावा लागतो, त्यावर कारण लिहावं लागतं, आणि साहेब ते कारण वाचून माझ्याकडे बघतात. कौलाला कारण विचारता येत नाही.

बायकोही आली होती. पाहुण्यांना तिने आधीच 'गाव बंद आहे' असं कळवून टाकलं होतं. ते तिचं माहेरचं गाव आहे, आमच्या मालवणातलं घर उघडंच राहू शकलं असतं, हे मी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे ती चटईवरून उठली आणि खाडीच्या बाजूला चालायला लागली. धुकं होतं. मी झोपडीतून मान बाहेर काढून, सवयीने, विचारलं, "खंय चललंस?"

"असाच," ती म्हणाली, आणि गेली.

आचऱ्याची पुढची पळण कुठल्या तारखेला, हे रामेश्वराचा कौल झाल्यावरच ठरतं, बहुधा थंडीच्या दिवसांत, आणि तारीख ठरली की हातात थोडेच दिवस उरतात. तेव्हा बघायला यायचं मनात असेल तर खोलीचं बुकिंग करू नका. त्या तीन दिवसांत गावात एकही घर उघडं सापडायचं नाही. वेशीबाहेरच्या झोपडीत जागा मिळेल, पण ती ओळखीनेच. ओळख आत्तापासून काढून ठेवा, आणि येताना चटई आपली आपण आणा.